त्या आठवड्यात सगळ्या गावाला ताप होता

...आणि वर मलाच विचारते, "मावशी, तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?" आता काय सांगू, कपाळ माझं? लढाईत नवऱ्याला दारातून उचलून ट्रकात घातलं तेव्हा बाईला कसं वाटतं, हे विचारायला ही नॉर्वेहून आली, पाठीवर स्वतःएवढी पिशवी घेऊन, आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलावर ते बोलणं टिपायचं यंत्र ठेवून बसली! इंगविल्ड नाव तिचं. वरची खोली दिली होती मी तिला. शांतता शिकते. हो हो, तसा विषय असतो तिकडे कॉलेजात, परीक्षा असते, नापाससुद्धा होतात म्हणे. आमच्याकडे तर सगळं गावच नापास, पण आम्हाला कुणी आधी अभ्यासक्रम दाखवला नव्हता. नाही, पोर गुणाची आहे, त्याबद्दल दुमत नाही. भांडी घासते, चपला सरळ ठेवते.

तुम्हाला सांगते, फिरून फिरून आलीये ती. सारायेव्होला भाषा शिकली, मोस्तारचा पूल बघितला, वुकोवारला गेली, प्रिश्टिनाला गेली, जिथं म्हणून माणसं मेली तिथं तिथं ही बसने जाऊन आली, आणि प्रत्येक गावात एक बाई हिला सारण भरलेला गरम पिटा खाऊ घालते आणि रडते, मग ही रडते, मग दोघी कॉफी पितात. वजन वाढलं म्हणे तिचं. वाढणारच! आमचं दुःख काही कुणी उपाशीपोटी ऐकत नाही, आधी पिटा, मग दुःख, मग परत पिटा. मी एकदा विचारलं तिला, अगं, तुमच्याकडे माणसं मरत नाहीत का? तर म्हणते, मरतात ना मावशी, पण म्हातारी होऊन. घ्या! यावर बोला आता.

माझं मागणं केवढं आहे? एवढंसं. माझा नवरा, रेम्झिया, परत येणार नाही हे मला कळतं, मी काही वेडी नाही. मला त्याची हाडं हवीत. कब्रस्तानात त्याच्या आईशेजारी जागा राखून ठेवलीये, दर उन्हाळ्यात मी तिथलं गवत कापते... रिकाम्या जागेचं गवत कापते मी. हाडं शोधणारी सरकारी माणसं माझं आणि मुलाचं रक्त घेऊन गेलीत, म्हणतात आम्ही जुळवू, पण खणायचं कुठं ते कुणीतरी सांगायला हवं. आणि सांगणार कोण? ज्याला विचारावं तो, माणसं उचलून नेली नेमका त्या आठवड्यात आजारी! बेकरीवाला तापाने पडलेला, पोस्टमन तापाने पडलेला, पोलिसाला ताप, मास्तरांना ताप, डॉक्टर स्वतःच अंथरुणात. एवढी मोठी साथ आली गावात, आणि मेले कोण, तर ज्यांना काही झालं नव्हतं ते.

समोरचा विटोमिर, रस्त्यापलीकडचा, त्यालाही तापच. तो चर्चवाल्यांतला, आम्ही मशिदीवाले, पण शेजार तो शेजार, माझ्या लग्नात घाम निथळेपर्यंत नाचलेला माणूस हा. तेव्हा नगरपालिकेचं खोदाईचं मशीन चालवायचा. गावात मशीन एक, चालवणारा एक, आणि मला गावातून हाकलून देईपर्यंत मी त्या मशीनचा आवाज ऐकत होते या कानांनी. मशीनला ताप नव्हता वाटतं! मग लढाई संपली, वर्षं गेली, मी परत आले, तर हा कुंपणापाशी उभा, म्हणतो, शेजारीण, तुझ्या आलुबुखाऱ्याला कीड लागलीये. तेव्हापासून तो माझं पन्हाळ दुरुस्त करतो, मी त्याला पिटा पाठवते. एकदाच विचारलं मी. तर पन्हाळाकडे बघत म्हणाला, मी तापाने फणफणलो होतो गं. पुन्हा नाही विचारलं. पन्हाळही गळतं ना माझं, मुलगा-सून परदेशात, दुसरं कोण आहे मला?

तर ही बया म्हणते, मावशी, मला दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं, नियम आहे. मी म्हटलं, जा की! मीच ताट भरून हुरमाशित्से दिल्या, पाकात मुरलेल्या, म्हटलं, गोड खाऊन तोंड उघडेल. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होतंच ते. म्हातारा माणूस, त्याची पोरं बेलग्रेडला, कुणी दोन शब्द विचारत नाही, आणि समोर ही निळ्या डोळ्यांची पोर मान हलवत बसणार... बोलेल, म्हटलं.

सकाळी गेली ती दिवेलागणीला आली. ताटात अक्रोड होते, रिकामं ताट आमच्याकडे कुणी परत करत नाही, पण पोरीचा चेहरा पांढराफटक. पिटा वाढला तर हात लावेना. एरवी तीन तुकडे मागून खाणारी पोर!

"सांगितलं त्याने," मी म्हटलं.

तिने ताट बाजूला सारलं.

"कुठं ते पण सांगितलं."

"मावशी, मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "जे सांगाल ते माझ्याजवळच राहील, असा. सगळ्यांनाच देतो आम्ही. तुम्हालाही दिलाय."

हो, दिला होता! मी माझ्या सुनेबद्दल जे जे बोलले होते ते कुणाला कळणार नाही म्हणून. सुनेचं आणि माझ्या नवऱ्याच्या हाडांचं एकाच पेटीत कुलूप! मी म्हटलं, अगं, त्याचं नाव नको घेऊस, त्या हाडंवाल्यांना नुसती जागा सांग. तर म्हणते, मशीन चालवणारा एकच होता मावशी, जागा सांगितली म्हणजे नाव सांगितलंच. मग तिने तिच्या सरांना फोन लावला, सर म्हणाले शब्द मोडता येतो का ते कॉलेजच्या समितीला विचारतो, आणि समिती उन्हाळ्याच्या सुट्टीवर. सगळी शांतता समुद्रकाठी मासे पकडायला गेलेली! आणि मग ही रडायला लागली हो, अशी रडली, अशी रडली, की नवरा माझा आणि डोळे मी हिचे पुसतेय. हुंदके देत देत विचारते काय, "मावशी, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?"

मी उठले आणि सिक्तेरुशा ठेवली. ती शेवटची कॉफी असते आमच्याकडे, ती पुढ्यात आली की पाहुण्याने ओळखायचं, उठायचं, तोंडाने कुणी सांगत नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. हिने प्यायली, छान झालीये म्हणाली, आणि अजून अर्धा कप मागितला. काय करणार, दिला. पोर गुणाची आहे.

सकाळी रस्ता ओलांडून गेले मी. तो मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता.

"त्या पोरीला सांगितलंस, विटोमिर. मला का नाही?"

तोंडावरची जाळी काढून त्याने पेटीवर ठेवली. मग म्हणाला, "ती जाणार आहे, शुहरा. आपल्याला इथंच राहायचंय."

आणि पुढे काय म्हणतो माहितीये? काल रात्री गाढ झोप लागली म्हणे, किती वर्षांनी! त्याला झोप लागली! इतका राग आला मला, वाटलं, ती पेटी उचलून याच्या डोक्यावर आपटावी. आणि केलं काय? घरी आले, दार लावलं आणि ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी तो पन्हाळ दुरुस्त करायला आला. मी शिडी धरली. धरली हो, सोडली नाही, तुम्ही बघताय कसं माझ्याकडे?

पोर गेली त्याला दोन महिने होतील. गळ्यात पडली, म्हणाली, सगळं प्रबंधात येईल मावशी, माणसांची नावं बदलून, गावाचंही बदलून. मी तिचा हात धरला, म्हटलं, नावं बदल बाई, माझं काहीही ठेव, पण झाड असेल तर झाड बदलू नकोस, विहीर असेल तर विहीर बदलू नकोस, चढाचा उतार करू नकोस, एवढं कर. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही, बस सुटली.

प्रबंध यायला दीड-दोन वर्षं लागतील. आणि लिहिणार कुठल्या भाषेत? त्यांच्या!

म्हणून आता या वयात मी नॉर्वेची भाषा शिकतेय. हसा, हसा. पोरांचं चित्रांचं पुस्तक पाठवलंय तिने, गुणाचीच आहे ती. पहिलं पुस्तक होत आलं माझं. "कुठे आहे?" हे आता अगदी स्पष्ट विचारता येतं मला... उत्तरं दुसऱ्या पुस्तकात आहेत म्हणे.