डावखुऱ्याची भरमार

—अशी नाई साहेब, आडवी ठेवा बाजेवर, नळी भिंतीकडं करून. रिकामी असली तरी बंदुकीचं तोंड माणसाकडं नाई करत. ठाण्याची चिठ्ठी आहे ना संगं? आहे? मग बसा. तर वडशाच्या भंगारात सापडली म्हणता, नागपूरच्या संग्रहालयात ठेवाची आहे, आन् तिचं गाव काई लागून नाई राह्यलं. कसं लागंल? इथी नंबर होता, तो कानशीनं घासला ना. तीन गावं फिरले, आन् लोकाईनं माह्याकडं धाडलं — काऊन? गोकुळाबाईचं तोंड चालते म्हणून! चालते. बोलते मी.

चौथी शिकली मी, पण हे वाचता येते मले. नळीवरचा मुकूट इंग्रजाचा, ते तुमाले समजलंच असंल. दस्ता मात्र इंग्रजाचा नोहे. बिजाचं लाकूड, आमच्याच जंगलातलं, आन् हा तडा तांब्याच्या तारेनं बांधला — गाठ पाहा, जाळ्याची गाठ आहे, मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची. लोहार अशी नाई मारत. आता इथी हात फिरवा, उजव्या अंगाले. गुळगुळीत लागते? गाल टेकून टेकून झालं ते. उजव्या हाताच्या माणसाचा गाल डाव्या अंगाले येते. म्हणजे मारणारा डावखुरा. लिहा — वरून बारूद ठासाची भरमार, धानातल्या डुकराईसाठी लायसनवर घेतलेली, मालक डावखुरा ढिवर. झालं तुमचं काम. घ्या, चहा घ्या.

नाव? नाव काऊन पाह्यजे? ... हो, पाह्यली होती मी. कुठी म्हणजे — इथीच. त्या दारामागं खुंटीले राहे. लटारूची आहे. माहे भासरे ते, माह्या मालकाचे, म्हणजे नवऱ्याचे, मोठे भाऊ — पाहा, नाव घेतलं मी तोंडातून! भासऱ्याचं नाव नाई घेत आमच्यात. बोलत नाई, समोरून जात नाई. ताट उंबऱ्यात ठेवाचं, बांगडी वाजवाची, म्हणजे समजते त्याईले. लग्नाले तीस वर्सं झाली, एक शब्द नाई बोलली मी त्याईच्याशी. राग नोहे साहेब, रीत आहे. आन् त्या रीतीच्या आड किती लपता येते, हे माहं मले माहीत.

चोरीले गेली, असं लिहा. ठाण्यातही तसंच लिहिलं आहे. — नका लिहू. थांबा.

वडशाची नाटक कंपनी आली होती गावात, मंडईच्या जत्रेच्या दिवसात. त्याईच्या पाच-सात माणसाईचं जेवण माह्या घरी. जेवता जेवता मॅनेजर म्हणे, बाई, आमची लाकडाची बंदूक मोडली, नाटकातला इनिस्पेक्टर काय हातात झाडू घेऊन येईल का! हसले सारे. मंग त्याचं ध्यान गेलं खुंटीकडं. भासरे नागभीडले गेले होते लग्नाले, आन् मालक मंडपात बांबू गाडून राह्यले होते. मॅनेजर म्हणे, माइकवर नाव घेतो तुमचं — बंदूक गोकुळाबाईकडून. काय सांगू तुमाले, माहं नाव माइकवर कोण घेणार होतं कधी? देली मी. भासरे घरी असते तरी पुसता थोडीच आलं असतं मले. देली. आन् रातभर कान देऊन बसली — नावच नाई घेतलं त्या मेल्यानं! घेतलं असतं तर पुरं गाव साक्षीले असतं. सकाळी पाह्यलं तर मंडप रिकामा, टरक गेलेला, बंदूक टरकात. त्याईच्या पुढच्या मुक्कामाले, सावली गावाले, निरोप धाडला, तर मॅनेजर म्हणे, कोणती बंदूक?

मंग निवडणूक लागली. लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराचा हुकूम आला. भासऱ्यानं दारामागं हात घातला — खुंटी तेवढी होती. इमानदार माणूस, सोताच ठाण्यात जाऊन सांगितलं, चोरीले गेली. कोण मानंल? पोलीस म्हणाले, जंगलातल्या लोकाईले, नक्षलवाल्याईले देली. चौदा महिने ठेवलं आत. जातानी त्याईनं मालकाले सांगितलं, मी लग्नाले गेलो तवा तुही बाई घरी होती, तिले पुस, कोणी आलतं का. मालकानं पुसलं. मी म्हटलं, मी झोपली होती.

झोपली होती! आता तुमी पाहून राह्यले तसं कोणी पाह्यलं नाई तवा माह्याकडं. भेव होतं साहेब — पोलिसाचं, मालकाचं. मंग पोरगी झाली, मंग मालक वारले, आन् मी सोतालेच सांगे, भासऱ्याशी बोलता येत नाई ना, कशी सांगू? आत गेले तवा डाव्या हातानं पुरं तलाव झाकंल असं जाळं फेकत. आले तवा तो हात खांद्याच्या वर उठे ना. पुसलं नाई मी काय झालं. बांगडी वाजवली न् ताट ठेवलं. दुसऱ्या बाया म्हणतात, गोकुळा भासऱ्याचं लई करते. ऐकून घेते मी.

बाहेर कोण — तेच आहेत. मासोळीचा वास येते आधी, मंग ते येतात. पाह्यली त्याईनं. दारातच थांबले पाहा. ... बाजेवर काय आहे ते समजलं त्याईले.

उठा साहेब. नाई, तुमी काई सांगू नका त्याईले, भंगारातली-बिंगारातली. सरकारची आहे, माहीत आहे, कोणी खाऊन नाई टाकत तुमची बंदूक — पानठेल्यावर जाऊन बसा घडीभर. मले पदर नाई घ्याचा आज, मले त्याईच्या तोंडाकडं पाहून बोलाचं आहे, आन् ते तुमच्यासमोर नाई होणार माह्याच्यानं. कप राहू द्या. जा म्हटलं ना!