सरांची ओळ

चहाच्या मशीनसमोर रांग होती. पुढच्या दोघांना मागे सर उभे आहेत याचा पत्ताच नव्हता.

"नव्या मुलीने कोडच्या एका ओळीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं क्रॅश होणं थांबवलं म्हणे."

"हो ना. आधी डेटा भरायचा, मग काउंटर वाढवायचा, असा कोड होता."

"काउंटर अ‍ॅटॉमिक होता की."

"त्याने मोजणी चुकत नाही, एवढंच. क्रमाची हमी नाही. प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरला काउंटर आधी दिसायचा, डेटा मागाहून. वाचणाऱ्या बाजूला क्रम राखणारा बॅरियर होता, लिहिणाऱ्या बाजूला नव्हता. तो तिने टाकला."

"आणि मूळ कोड?"

"आपल्या सरांचा. महिनाभर एकच पालुपद, माझ्या मशीनवर नीट चालतंय."

सरांच्या हातातला कागदी कप चेपला.

"त्यात तिने काय एवढे दिवे लावले?"

दोघं दचकून वळले.

"काउंटर वाढवून नवी किंमत परत देणारं फंक्शन घेतलं असतं, तर बॅरियर त्यातच आला असता. एवढंही सुचू नये तिला?"

"सुचलं होतं, सर. पण मग तुमची काउंटर वाढवायची ओळ खोडावी लागली असती. म्हणाली, राहू दे, सरांना वाईट वाटेल."