पिवळ्या पट्टीचं वळण

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष माननीय सुकदेवनाना. व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, नगरपरिषदेचे अभियंता योगेंद्रसाहेब आणि सौ. मोहिनीताई, नगरपरिषदेचे सर्व कर्मचारी, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधूभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फार लांबवली. मी कन्याशाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि सध्या दिव्यांगांसाठीच्या सुगम्यता समितीचं काम पाहते, एवढं पुरे होतं. मला पाच मिनिटं दिली आहेत. दहा लागतील. मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खिशात ठेवावेत.

आधी साहेबांचं जे चांगलं आहे ते सांगते. दाराशी चाकाच्या खुर्चीत हिलालभाऊ बसले आहेत. हे सभागृह बांधून बावीस वर्षं झाली, आणि हिलालभाऊ आज पहिल्यांदा कुणाच्या खांद्यावर न बसता आत आले. बाहेरचा उतार साहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला. पहिला उतार जास्त चढा झाला होता, तो फोडून दुसरा केला. चूक फोडायला मोठं मन लागतं. साहेबांकडे ते आहे, हे मी पाहिलेलं आहे. म्हणूनच पुढचं बोलायची मला हिंमत होते.

आता पिवळ्या पट्टीविषयी.

बसस्थानकापासून सरकारी दवाखान्यापर्यंत आपण ज्या पिवळ्या फरश्या बसवल्या, त्या शोभेच्या नाहीत. उभ्या रेघांची फरशी पायाला सांगते, चला. गोल ठिपक्यांची फरशी सांगते, थांबा. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी ते रस्त्याचं बोलणं आहे. नकाशात ही पट्टी सरळ आहे. फूटपट्टीने रेघ ओढावी तशी.

पण मध्ये पिंपळ आहे. पिंपळाखाली मुंजा आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, त्याचं ते ठाणं. आपल्या गावात त्या पाराला कुणी धक्का लावत नाही. तिथे कुदळ लावायला पितांबर मिस्त्रींनी तर साहेबांना तोंडावर नकार दिला, "मी तठे कुदय लावाव नही. मुंजाले धक्का लागना ते मना घरना बठ्ठा नास व्हई जाई."

साहेब शिकलेले आहेत. त्यांनी हसून टाळायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मीही तेव्हा हसले नाही, हे कबूल करते. साहेब म्हणाले, "बाई, थोडी वळवून घेऊ, काय बिघडतं?" मी मान हलवली. त्या मानेची जबाबदारी माझी.

वळण घेतलं. पट्टी पाराला लांबून वळसा घालून भाजीबाजाराच्या मागे गेली. वळशात फरश्या जास्त लागल्या आणि शेवटी कमी पडल्या. ठिपक्यांच्या फरश्या तर आधीच संपल्या होत्या, कारण उद्घाटनाच्या जागी त्यांचा चौकोन छान दिसत होता. राहिलेलं काम नंतर करू, असं ठरलं. मोजमाप पुस्तकात लिहिलं, काम पूर्ण. नारळ फुटला, फोटो निघाले.

पट्टी कुठे संपली, ते किती जणांनी जाऊन पाहिलं? हात वर करू नका, मला आकडा माहीत आहे.

मी पाहायला गेले, कारण माझी जुनी विद्यार्थिनी रत्ना. ती पहिल्या रांगेत बसली आहे. रत्नाला जन्मापासून दिसत नाही. तिला आपल्या दवाखान्यात टेलिफोनवर नोकरी लागली आहे. वडील म्हणाले, रोज मी सोडायला येतो. त्यावर ही म्हणाली, "मग नोकरी कोणाची, आबा, तुमची का माझी?" तिला बसमधून उतरून दवाखान्यापर्यंत एकटीने जायचं आहे. त्यासाठीच ती पट्टी आहे.

मी तिला म्हटलं, आधी मी चालून बघते. अठरा मे, दुपारचा दीड. रत्नाला बसस्थानकाच्या बाकावर बसवलं, तिची जादा काठी घेतली, डोळ्यांना ओढणीची घट्ट पट्टी बांधली आणि निघाले. ज्याच्यासाठी काम केलं, त्याच्यासारखं एकदा चालून बघावं, इतकाच हिशोबी विचार होता.

उन्हाने रस्ता ओस पडलेला. माझ्या काठीशिवाय आवाज नव्हता. पिंपळाची पानं मात्र वाजत होती. वारा नव्हता. पायाखाली रेघ वळली तशी मी वळले. आणि वळणानंतर माझ्या पुढे दुसरी काठी वाजायला लागली.

चार पावलांवर असेल. टक, टक. माझ्या काठीच्या आधी, प्रत्येक वेळी एक ठोका आधी. मला वाटलं, रत्ना आली मागून आणि पुढे निघाली. मी रागावले सुद्धा. "रत्ना, तुला बसायला सांगितलं होतं ना? हळू चाल." काठी थांबली नाही. मी तिच्या मागे चालत राहिले. खरं सांगते, बरं वाटत होतं. कुणीतरी पुढे आहे, वाट आहे.

मग हवा गार झाली. मे महिन्यात, दुपारी दीडला. ओल्या दगडाचा वास आला. पुढची काठी थांबली. आणि अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "बाई, थांबा. पुढे काहीच नही."

आवाज बाईचा नव्हता, माणसाचाही म्हणता येणार नाही. घाईचा नव्हता. वर्गात कुणी चुकलं की शेजारचं हळूच सांगतं ना, तसा.

मी डोळ्यांवरची पट्टी काढली. उजवा पाय पिवळ्या फरशीवर होता. ती शेवटची फरशी होती, रेघांची. चला, म्हणणारी. तिच्यापुढे दोन वीत माती आणि मग बाजारामागची जुनी विहीर. तिचा कठडा मागच्या वर्षी ट्रॅक्टरच्या धक्क्याने पडला, तो तुम्हाला आठवत असेल. आजूबाजूला कुणी नव्हतं. मातीत माझ्या चपलांशिवाय ठसे नव्हते. मी नीट पाहिले, मला तीच सवय आहे.

रत्ना बाकावरच बसली होती. तिला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "काठी कशी वाजत होती? समोर टेकत की दोन्ही बाजूंना?" मी म्हटलं, डावी-उजवीकडे, सारखी. तिने आपली काठी तशीच फिरवून पाहिली. म्हणाली, "बाई, डोळस माणूस तशी काठी चालवत नाही."

रत्ना सोडून गावात ज्यांना दिसत नाही असे अकरा जण आपण नोंदवले आहेत. मी अकराही घरी जाऊन आले. त्या दुपारी त्यांच्यापैकी कुणीच बाहेर नव्हतं.

पिंपळाजवळ माठ विकणाऱ्या पुष्पाबाई आहेत. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, "त्याले टाळीसन तुम्हीन वाट वळाई, तरी बी तोच उना."

टाळला तरी तोच आला, असं त्यांचं म्हणणं. मला ते कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर मी शिक्का मारत नाही. पण थांबा म्हणायचं काम कुणाचं होतं, एवढं मला कळतं. ते फरशीचं होतं, साहेब. आपलं होतं. ते आपण केलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला करावं लागलं. ते रोज येतील का?

दुसऱ्या दिवशी मी तिथे दोन पिंपं उभी करून दोर बांधला. बाजाराच्या दिवशी पिंपं पाणी भरायला गेली. मी विहिरीला जाळी मागितली. उत्तर आलं, नकाशाप्रमाणे पट्टी विहिरीजवळून जात नाही, सबब जाळीची आवश्यकता नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. म्हणजे पहा, रत्ना ज्या वाटेने चालणार, ती वाट कागदावर नाहीच. आणि कागदावरच्या वाटेने फक्त कागद चालू शकतो.

आज एकतीस मे. साहेब संध्याकाळी खुर्ची सोडतील. नवे साहेब धुळ्याहून येतील, मोजमाप पुस्तक उघडतील, 'काम पूर्ण' असं वाचतील आणि मिटवतील. परवा, दोन जूनला, सकाळी साडेआठला रत्ना बसमधून उतरणार आहे.

मोहिनीताई, तुमच्या समारंभात मी हे बोलते आहे, त्याचं मला वाईट वाटतं. पण उद्या बोलून उपयोग नव्हता.

साहेब, हा एक कागद आहे. तीन ओळी आहेत. नकाशात सरळ दाखवलेली पट्टी पिंपळाजवळ वळवली. ती विहिरीपाशी अपूर्ण आहे. ती नकाशाप्रमाणे सरळ करावी आणि तोवर विहीर झाकावी. खाली समिती अध्यक्ष म्हणून मी सही केली आहे, कारण मान मी हलवली होती. तुमची जागा रिकामी आहे.

काय म्हणालात? माईक नको? बरं, मी सांगते. मागे ऐकू गेलं नसेल. साहेब म्हणाले, "पट्टी मीच वळवली. पेन द्या."

टाळ्या नकोत. त्यांना लिहू द्या. साहेब, तारीखही घाला. आजची. नाना, नगराध्यक्ष म्हणून तुमचीही सही लागेल, तिथे, डावीकडे.

पितांबर मिस्त्री, तुम्ही का उभे राहिलात? मोठ्याने बोला. "पहिले नारय फोडना पडी, त्याले इचारना पडी," म्हणतात. ठीक आहे. उद्या सकाळी सहाला पाराशी या. नारळ मी आणते. विचारायचं कसं ते तुम्ही सांगा, विचारीन मी. आणि विचारून झालं की कुदळ तुम्ही लावायची, मिस्त्री. परवा साडेआठच्या आत वळशातल्या फरश्या सरळ वाटेवर आणि ठिपक्यांची फरशी जागेवर पाहिजे. ठिपक्यांची उद्घाटनाच्या चौकोनातून काढा, तिथे आता कुणी फोटो काढत नाही.

योगेंद्रसाहेब, आता तुम्ही मोकळे. तुम्हाला आणि मोहिनीताईंना पुढचं आयुष्य निरोगी, शांत जावो, ही मनापासून इच्छा.

अध्यक्षांनी वेळेकडे काणाडोळा केला, श्रोत्यांनी चहा थंड होऊ दिला, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने मला माफ करा. कागदावरच्या चुका मात्र माफ करू नका. त्या दाखवा, म्हणजे दुरुस्त करता येतील.

नमस्कार.