आखाड्याची माती

गावाशी भांडून वस्ताद रिसोडच्या आखाड्यात गेला. उद्या तिथंच कुस्त्यांची दंगल, अन् तुळसाबाईचा नातू लढणार. जऊळक्याच्या ठेसनावर वांग्यांची टोपली घेऊन ती गावातल्या दोघांचं बोलणं ऐकत बसली होती.

“भगवंतराव, तुमी गावचे पंच असून त्याले आखाड्याची माती काहून देली?”

“जगदेव, तो म्हणे, भांडण मिटवाचं असंन त माती द्या. इतके वर्सं तूप, ताक, हळद त्यानंच कालवली.”

“चार बैलबंड्या भरून नेली. आपले पोट्टे खड्ड्यात उभे हायेत.”

“मले वाटलं, तो घमेलंभर नेईन.”

“तेच माती रिसोडात अंथरली त्यानं. उद्या आपला पोट्टा पडला त?”

“आपल्याच मातीत पडंन ना. आनखीन पंचानं काय करावं?”