विमानाच्या पत्र्याचा तारा

मी वसईचा. आमच्याकडे नाताळचा गोठा घरीच करतात, आणि माझे वडील म्हणायचे, येशूबाळाच्या डोक्यावरचा तारा बापाने हाताने करायचा, बाजारचा लावला तर बाप कशाला हवा. ती खोड मी इकडे शारजाला घेऊन आलो. बावीस वर्षं झाली, भंगाराच्या यार्डात गॅस कटर म्हणून लागलो, आता सुपरवायझर आहे, आणि आमची तिथली रीत सांगतो, नवीन लॉट आला की कापणाऱ्याने एक छोटा तुकडा घरी न्यायचा, कुणी काही बोलत नाही. कुणी तवा करतो, कुणी दाराची कडी. मी दरवर्षी तारा.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या तोंडावर जुन्या लष्करी विमानाचा पत्रा आला. वरून काळपट, पण घासला की चांदीसारखा, खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी कानस घेऊन बसलो, समोर तारा धरायला रेनी, माझी एकुलती एक लेक, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी घासायचो नि ती फुंकर मारून पूड उडवायची. डॅडा, इट्स सो शायनी, म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी त्याच पार्टीचा पुढचा कंटेनर खोर फक्कानला अडकला, बंदराच्या गेटवरचं किरणोत्सर्ग पकडणारं मशीन वाजलं, आणि संध्याकाळच्या आत पांढरे सूट घातलेली माणसं यार्डात. ते विमान म्हणे कुठल्याशा देशात कधीकाळी अणुबॉम्बसकट पडलेलं. मोठा स्फोट झाला नाही, पण बॉम्बच्या आतली विषारी पूड सगळीकडे उडाली, तिथली माती खरवडून नेली, तुकडे पुरले, आणि एवढ्या वर्षांनी कुणा हावरटाने ते उकरून भंगारात विकले. एकेकाला विचारलं, कुछ घर ले के गया क्या? मी म्हटलं, नहीं साब.

काय सांगू तुम्हाला, चोरी म्हणाले असते तर व्हिसा खलास, पोरीचं वर्ष खलास, एवढंच डोक्यात. तारा पिशवीत बांधून वॉशिंग मशीनच्या मागे टाकला, घरी म्हटलं तुटला. बारा दिवस गप्प बसलो. बारा दिवस! मग माझ्याबरोबरच्या कटरचा तपासणीचा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा स्वतः जाऊन यार्डच्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, हबीबी, पहले दिन बोलता तो भी मैं तेरे को कुछ नहीं करता.

घरातल्या गाद्या, पडदे, रेनीची पुस्तकं, गोठ्यातला पेंढासुद्धा ड्रमात बंद करून नेला. माझ्या अंगात ते विष थोडं सापडलं, तिच्या फुफ्फुसात जास्त. फुंकर मारायला आधी श्वास आत घ्यावा लागतो ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध देते, पण पहिल्या एक-दोन दिवसांत आला असतात तर थोडं तरी निघालं असतं, आता ते जन्मभर आत राहणार, पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही.

आता ती नोकरीला लागलीय, दर सहा महिन्यांनी तपासणीला मीच घेऊन जातो. मला एका शब्दाने बोलत नाही, उलट समजूत घालते, डॅडा, यू टोल्ड देम द मोमेंट यू न्यू. तिला मी तसंच सांगितलंय. देव तिला माझं आयुष्य देवो म्हणावं, तर तेही बाटलेलंच. तुम्ही लिहा, सगळं लिहा, फक्त मराठीत लिहा. तिला मराठी वाचता येत नाही.