दसऱ्यानंतरचा डेमो

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. नुकतंच लग्न होऊन मी डोंबिवलीला सासरी आलेले. आमचा प्रोग्राम सर्व्हरला जे विचारतो, त्याची उत्तरं बरोबर येतात का, हे मी हाताने तपासायचे. सरांना ते काम आपोआप करणारं टूल घ्यायचं होतं. पहिल्या कंपनीच्या टूलने आमच्या प्रोग्रामच्या ढीगभर चुका काढल्या, तेव्हा सरांचं तोंड उतरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा सेल्समन आला. त्याच्या टूलवर सगळं हिरवं, सगळं पास!

सर खूश. मला म्हणाले, "आता तुम्ही डोंबिवलीत निवांत संसार करा."

माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. आदल्या दिवशी पूजेसाठी बंद केलेला सर्व्हर झेंडूच्या माळेसकट तसाच बंद होता.

"सर, सर्व्हर चालूच नाहीये. मग ही उत्तरं आली कुठून?"

सेल्समन पांढराफटक. सर म्हणाले, "हेच घेऊ. गिऱ्हाइकाला दाखवायला झकास आहे."

"आणि सर, चुका?"

"त्या काढायला तुम्ही आहात की!"

संध्याकाळी घरी पोचले. ह्यांनी विचारलं, "काय गं, ऑफिसात सगळं ठीक ना?"

म्हटलं, "सगळं पास."