बदलापूरला उत्तर

माई : मालू विचारत होती, अण्णांना माझं पत्र मिळालं का म्हणून.

अण्णा : हो… मिळालं.

माई : कधी?

अण्णा : गणपतीच्या आधी.

माई : आणि आता नवरात्र बसलं! अहो, अंबरनाथ-बदलापूर, मधे एक स्टेशनसुद्धा नाही. शेजारच्यांच्या फोनवर असलं बोलता येईना म्हणून पोरीनं पत्र लिहिलं. तिला वाटतंय ते हरवलं.

अण्णा : हरवलं नाही. उत्तराची तयारी करतोय.

माई : तयारी? लेकीला लिहायचंय की कंपनीच्या साहेबाला?

अण्णा : तिनं तुला सांगितलं सगळं?

माई : आज गेले होते तेव्हा, मागच्या ओट्यावर बसून. तुम्हाला आधी कळवलं, मला नाही, याचा राग नंतर काढीन. आधी हे पुस्तक कसलं ते सांगा. पेपरचं कव्हर घालून कपाटामागे ठेवलेलं! मला वाटलं, या वयात काहीतरी भलतंच वाचताय.

अण्णा : नर्सिंगचं आहे. उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या सिंधी रद्दीवाल्याकडे मिळालं. तो म्हणाला, 'साईं, इस उमर में नर्स बनोगे क्या?'

माई : बरोबर बोलला. मग शिकलात काय?

अण्णा : त्यात मालूच्या आजारावर अर्धंच पान आहे. मग कंपनीच्या दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांना गाठलं. एका ओळखीच्या बाईंच्या रिपोर्टात एचपीव्ही आलंय, असं सांगून.

माई : ओळखीच्या बाई! अहो, त्या डॉक्टरांनी तुमच्याबद्दल काय समजायचं!

अण्णा : …हे माझ्या लक्षातच आलं नाही.

माई : पुढे बोला.

अण्णा : विषाणू आहे तो. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदलल्यात. कॅन्सर नाही. पण तसंच सोडलं तर पुढे होऊ शकतो. तेवढा भाग गोठवून टाकतात, त्याच दिवशी घरी पाठवतात.

माई : मग एवढं लिहायला महिना लागतो?

अण्णा : एवढं लिहिलं गं. पुढे अडलं. तिनं विचारलंय, हे मला कुठून आलं. ते येतं… संबंधातून. बापानं मुलीला असं कसं लिहायचं? दुसरा शब्द सापडेना.

माई : दोन मुलं आहेत तिला! ती काय तुळशीला पाणी घालून झाली?

अण्णा : हळू. भिंतीपलीकडे गोजरबाई आहेत.

माई : ऐकू दे गोजरबाईला! तिकडे सासूनं पोरीचा तांब्या वेगळा केलाय. घटाजवळ फिरकू देत नाही. आणि तुमचे जावई, श्यामकांतराव, म्हणतात, माझ्यात काही नाही, तू कुठून आणलंस ते सांग. मान खाली घालून बसली होती माझ्यासमोर. अंगात ब्लाऊज लोंबत होता.

अण्णा : तांब्यानं काही होत नाही. आणि कुणाकडून, कधी आलं, ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं अंगात राहतं. पुरुषात दिसतसुद्धा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

माई : मग हे बदलापुरात सांगा ना! कपाटाला काय सांगताय?

अण्णा : जावयांसमोर मला बोलायला जमेल, असं वाटत नाही.

माई : तुम्हाला कधी जमलंय? लग्नात नाव घ्यायची वेळ आली तर घसा बसला म्हणालात. शुक्रवारी तिला बोलावलंय इस्पितळात. मागची तारीख तिनं चुकवली.

अण्णा : चुकवली? का?

माई : पत्रात शेवटी काय विचारलंय तिनं?

अण्णा : …'अण्णा, तुम्हालाही वाटतं का, माझंच काही चुकलं?'

माई : आणि तुमचं उत्तर नाही. मग कुठल्या तोंडानं जाणार ती इस्पितळात? मला म्हणाली, पत्र हरवलं असेल तर बरं. मिळालं असेल तर 'तुझं चुकलं नाही' असं खोटं अण्णांना लिहवेना, म्हणून लिहिलं नसेल.

अण्णा : अगं, पण मला कधी… एक क्षणसुद्धा…

माई : मला कशाला सांगता? हा घ्या कागद. मी चहा टाकते. चहा होईस्तोवर लिहून झालं पाहिजे.

अण्णा : शाईचं पेन—

माई : तुमच्या खिशालाच आहे.

…

माई : हा चहा. वाचा.

अण्णा : 'चि. मालूस अनेक आशीर्वाद. पत्रोत्तरास झालेल्या विलंबाबद्दल—'

माई : आला साहेब मधे. खोडा ते.

अण्णा : 'तुझं काहीही चुकलेलं नाही. हा आजार संबंधांतून येतो, आणि कुणाकडून आला हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. औषधोपचार तेवढा वेळेवर करायचा. शुक्रवारी मी तुझ्याबरोबर येईन. हे श्यामकांतरावांनाही वाचायला दे. अण्णा.'

माई : संपलं?

अण्णा : कमी झालं का? 'संबंधांतून'च्या जागी अजून—

माई : तिकीट चिकटवा.

(कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

माई : टाकलंत ना? मग आत काय डोकावताय?

अण्णा : नीट पडलं का बघतो. पडलं.

माई : अगं बाई! अहो, आज बुधवार. शुक्रवारच्या आत हे पोचायचं कसं?

अण्णा : नाही पोचणार. ती रिक्षा थांबव.

माई : आत्ता? जावई घरी असतील.

अण्णा : असू देत. मला पाठ झालंय.